फोन काढा, पण कुणाला दाखवू नका!

आधी एक सांगा, घरात टीव्ही आहे ना? आणि माणशी एक फोन? झालं तर मग! आणखी काही लागत नाही! म्हणजे एक लॅपटॉप लागतो, आणि तो टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल लागते, आणि सहा-सात माणसं लागतात, पण माणसं काय, सणावाराला न बोलावताही येतात! बसा इथे. मला तुम्हाला सांगायचंच आहे, कारण घरातल्या सगळ्यांना सांगून झालंय आणि आता मी स्वयंपाकघरात शिरले की तिथली मंडळी गॅलरीत जातात.

मला खूळ लागलंय! व्हिडिओगेमचं! मला! माझी या विषयातली अक्कल नोकियाच्या फोनमधल्या सापापाशी संपते, आणि तो सापसुद्धा माझ्या हातात कधी फार वाढला नाही. दोन हातांत धरायचं ते बटणांचं यंत्र कुणी माझ्यापुढे केलं की माझे अंगठे संपावर जायचे. तेव्हा यापुढे जे वाचाल ते जाणकाराचं म्हणून वाचू नका. जाणकार असते तर इतक्या उड्या मारल्या नसत्या!

तर झालं काय, कोजागिरीला भाचा आला पुण्याहून. दूध आटत होतं, चारोळ्या कुठे ठेवल्या यावर चर्चा चालू होती, आणि हा पठ्ठ्या टीव्हीच्या मागे शिरून वायरी खुपसतोय. बाहेर आला आणि म्हणाला, "मावशी, सगळ्यांना फोन काढायला सांग." मी म्हटलं, काढायला सांगायला ते ठेवलेत कुणी? "आबा, तुम्हीपण!" आमचे सासरे म्हणजे आबा, त्यांच्या फोनची मेमरी शुभ सकाळच्या गुलाबांनी काठोकाठ भरलेली, त्यात एक फोटोसुद्धा मावत नाही. ते म्हणाले, "माझ्यात काही डाउनलोड होत नाही बाबा." आणि भाचा म्हणतो, काही डाउनलोड करायचंच नाही!

काहीच नाही! फोनचा साधा ब्राउझर उघडायचा, ज्यात आपण रेल्वेची वेळ बघतो तोच, त्यात जॅकबॉक्स डॉट टीव्ही असं टाकायचं, टीव्हीवर चार इंग्रजी अक्षरं दिसतात ती टाकायची, आपलं नाव टाकायचं, आणि मग टीव्हीवर टुण्णकन आपलं नाव उगवतं! आबांनी "आबा" लिहिलं रोमन लिपीत, एका बोटाने, आणि ते समोरच्या टीव्हीवर दिसलं आणि त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. वायर नाही, काही नाही! नणंदेचं नाव आलं, जाऊबाईंचं आलं, आमच्या ह्यांनी नावाच्या जागी "बॉस" लिहिलं (लिहू दे बिचाऱ्यांना, कुठेतरी).

खेळाचं नाव ड्रॉफुल 2. आता ऐका हं, नीट ऐका! सुरुवातीला फोन म्हणतो, स्वतःचं चित्र काढा. बोटाने! काचेवर! आणि खोडायची सोय नाही! आठवतंय तुम्ही शेवटचं चित्र कधी काढलं होतं ते? डोंगर, दोन डोंगरांमधून सूर्य, खाली नदी आणि कोपऱ्यात झोपडी, हो ना? माझंही तेच. आणि इथे स्वतःचं नाक काढायचं, बोट जाडं, काच गुळगुळीत, नाक गेलं कानाकडे, आणि ते तसंच रात्रभर टीव्हीवर माझ्या नावाशेजारी!

आणि मग खरी गंमत. प्रत्येकाच्या फोनवर एक-एक विषय येतो. वेगवेगळा. फक्त त्याच्याच फोनवर. मूळ खेळातले विषय इंग्रजीत असतात, पण यात आपले विषय घालायचीही सोय आहे, आणि भाच्याने येतानाच रोमन अक्षरांत मराठी विषयांची एक यादीच भरून आणली होती. एसटीत खिडकीसाठी भांडण. शिळ्या पोळीचा चिवडा. बिनसाखरेचा चहा पिणारा वाघ. हे बोटाने काढायचं! दोन रंगांत! आणि मग सगळ्यांची चित्रं होतात, आणि मग एक-एक करून ती टीव्हीवर येतात, नुसती चित्रं हं, विषय लपलेला, आणि मग बाकीच्यांनी आपापल्या फोनवर गुपचूप लिहायचं की हे चित्र कशाचं असावं, आणि मग ती सगळी खोटी नावं आणि त्यात मिसळलेलं एक खरं नाव अशी सगळी टीव्हीवर पसरतात, आणि मग ओळखायचं खरं कोणतं! ओळखलं तर तुम्हालाही गुण आणि चित्रकारालाही. पण कुणी तुमच्या खोट्यावर बोट ठेवलं तर तुम्हाला गुण! थापेला गुण! घरच्या घरी!

आबांचं चित्र आलं. एक मोठं वर्तुळ. त्याच्या आत खाली एक वाकडी रेघ. शेजारी एक लहान वर्तुळ, त्यातून निघालेल्या चार काड्या. आणि कोपऱ्यात, का कोण जाणे, एक चौकोन. सगळे गप्प. आणि मग टीव्हीवर नावं आली: आजारी इडली. चंद्रग्रहण आणि कोळी. सहकारी बँकेची सर्वसाधारण सभा. रुसलेला जावई. विहिरीत पडलेलं घड्याळ. आता खरं कोणतं? आमच्या नणंदेचे यजमान, म्हणजे आबांचे एकुलते एक जावई, समोरच्याच सोफ्यावर दूध पीत बसलेले! सगळ्यांच्या माना हळूहळू तिकडे वळल्या. आबा मात्र चित्रकार ना, त्यांना बोलायची मुभा नाही, ते आपले देवघराच्या दिशेने बघत बसले. चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ! मी "सर्वसाधारण सभा" निवडलं कारण त्या कोपऱ्यातल्या चौकोनाचा मला दुसरा अर्थच लागेना. ते निघालं आमच्या ह्यांनी ठोकलेलं! खरं होतं "रुसलेला जावई". आणि तो चौकोन? "तो सूटकेसचा," आबा म्हणाले. "निघालाय ना तो." जावईबापूंनी दुधाचा पेला खाली ठेवला आणि इतके हसले, इतके हसले की त्यांच्या हातातला फोन सोफ्याच्या फटीत गेला आणि पुढचा डाव तिथून तो उपसून काढेपर्यंत थांबला.

पण आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ना, ते मला रात्री दीडला सुचलं आणि मी उठून बसले. गंमत चित्रात नाहीये! गंमत अशी आहे की माझ्या हातात जे आहे ते फक्त मलाच दिसतं! कळलं का? टीव्ही सगळ्यांचा. फोन माझा. मेंढीकोट खेळताना आपण पानं छातीशी धरतो ना, तसं! टीव्ही म्हणजे सतरंजीवर पडलेला डाव आणि फोन म्हणजे माझ्या हातातली पानं. इतकी वर्षं व्हिडिओगेमला हातातली पानंच नव्हती! एकच टीव्ही, सगळे त्याच्याकडेच बघणार, मग लपवायचं कुठे? उशीखाली?

हे सुचलं आणि मग झोप कसली! मसाला दुधाने झोप येते म्हणतात, ते साफ खोटं. मी अंथरुणात पालथी पडून फोनवर वाचत सुटले, आणि काय सांगू, हे लपवायचं वेड जुनं आहे! फार जुनं! सेगा कंपनीचं ड्रीमकास्ट नावाचं यंत्र होतं, 1998 साली जपानात आलं. त्याच्या कंट्रोलरमध्ये एक मेमरी कार्ड खोचायचं, आणि त्या कार्डालाच इवलासा पडदा होता! आडवे 48 ठिपके, उभे 32 ठिपके, बस्स! आबांच्या चित्राला पुरणार नाही इतका! पण अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल 2के नावाच्या खेळात पुढची चाल त्या इवल्या पडद्यावर निवडायची, म्हणजे शेजारी बसलेल्या दोस्ताला कळायला नको! तेव्हाच! आणि ते कार्ड उपसून खिशात घालून फिरता यायचं, सॉनिकच्या खेळातला चाओ नावाचा छोटा प्राणी त्यात घालून बाहेर न्यायचा आणि वाढवायचा. बटणासारख्या दोन सेलवर चालायचं ते, आणि सेल भराभर संपायचे. कोण बसत असेल ते सेल बदलत? मी बसले असते!

आणि मग 2003. निन्टेन्डोचे शिगेरू मियामोटो, मारिओवाले, त्यांनी पॅकमॅन व्हर्सेस केला. पॅकमॅन तर मलाही माहीत आहे, तो पिवळा, तोंड उघडझाप करणारा, ठिपके खाणारा! त्यात एकजण पॅकमॅन, आणि त्याच्या हातात गेम बॉय अॅडव्हान्स, त्यावर त्याला पूर्ण भुलभुलैया दिसतो. बाकीचे तिघं भुतं. भुतांनी टीव्हीकडे बघायचं, आणि टीव्हीवर त्यांना फक्त आपल्या आजूबाजूचा तुकडा दिसतो! मग काय करणार भुतं? ओरडणार! "इकडे आला, डावीकडे, अगं तुझ्याकडे!" आणि जे भूत पॅकमॅनला पकडेल ते पुढचा पॅकमॅन, म्हणजे यंत्र हातातून हातात! किती सोपं! किती भारी! पण यंत्र वेगळं विकत घ्या, केबल वेगळी विकत घ्या. इथेच घोडं अडायचं.

2012 साली निन्टेन्डोने वी यू नावाचं अख्खं यंत्रच या कल्पनेवर उभं केलं, कंट्रोलरच्या मधोमध 6.2 इंचांचा पडदा, आणि त्यासोबतच्या निन्टेन्डो लँडमध्ये एक भुताचा खेळ, ज्यात भूत होणाऱ्याला आपण कुठे आहोत ते हातातल्या पडद्यावर दिसतं आणि टीव्हीसमोरच्या चौघांना भूत दिसतच नाही! वाचूनच माझ्या अंगावर काटा आला! पण वी यू चाललं नाही. जगभरात मिळून साधारण 1 कोटी 35 लाख विकलं गेलं, निन्टेन्डोच्या मानाने ते फारच थोडं. आणि मला, ज्या मला काही कळत नाही त्या मला, राहून राहून वाटतं की त्या पडद्याचा कंट्रोलर घरात एकच असायचा, मग पानं एकाच्याच हातात! तोपर्यंत घराघरात प्रत्येकाच्या खिशात पडदा आलेला होता की! बघायचं फक्त तिकडे!

आणि बघितलं हो, पुष्कळांनी बघितलं, पण कसं बघितलं ते ऐका. मायक्रोसॉफ्टने 2012 साली एक्सबॉक्ससाठी स्मार्टग्लास आणलं, फोन हाच दुसरा पडदा. आणि मग जो तो उठला आणि खेळासोबत फोनसाठी एक अॅप काढू लागला. 2013 साली ग्रँड थेफ्ट ऑटो 5 आला, त्याच्यासोबत आयफ्रूट नावाचं अॅप, त्यात चॉप नावाचा कुत्रा. कुत्र्याला फोनवर शिकवायचं आणि मग तो टीव्हीवरच्या खेळात शहाण्यासारखा वागायचा! अहो, मारामारीच्या, गाड्या पळवायच्या खेळात कुत्र्याची शिकवणी! बसमध्ये उभ्या उभ्या! हे मला फार आवडलं. त्याच वर्षीच्या चाच्यांच्या असॅसिन्स क्रीड खेळात फोनवर समुद्राचा नकाशा उघडायचा आणि जहाजांचा ताफा फोनवरूनच व्यापाराला धाडता यायचा.

2015 साली फॉलआउट 4 आला. त्यातल्या नायकाच्या मनगटावर पिप-बॉय नावाचं एक यंत्र असतं, त्यात नकाशा, औषधं, सामान, रेडिओ, सगळं. तर कंपनीने काय करावं? फोनचाच पिप-बॉय केला! अॅप उघडलं की फोनवर तोच हिरवा पडदा, खेळात गोळी लागली की फोनमधला पुतळाही लंगडा! आणि महागड्या आवृत्तीत चक्क प्लास्टिकचा पिप-बॉय मिळायचा, त्याच्या पोटात आपला फोन बसवायचा आणि मनगटावर बांधून सोफ्यावर बसायचं! मोठे फोन त्यात मावायचे नाहीत ही गोष्ट वेगळी. मला तो हवाय! मी तो खेळ खेळणार नाही, पण मनगटावर बांधून भाजी आणायला जाईन!

पण यातली बरीचशी अॅप्स काळाच्या ओघात मागे पडली आणि का ते आता मला, आबांच्या जावयाच्या कृपेने, कळल्यासारखं वाटतंय. नकाशा टीव्हीवरही आहे आणि फोनवरही आहे, मग मान खाली का घालू? मान खाली घातली तोवर वर टीव्हीत मला कुणी भोसकून गेलं तर? फोनने तेच दाखवलं जे समोर आहे, तर तो ओझंच! आणि 2014 सालच्या असॅसिन्स क्रीड युनिटीत तर खेळातल्या काही पेट्याच अशा होत्या की फोनवरच्या अॅपमध्ये खटपट केल्याशिवाय उघडायच्या नाहीत. म्हणजे पैसे टाकून खेळ घ्यायचा आणि पेटीची किल्ली दुसऱ्या दुकानात! लोक वैतागले, आणि पुढे कंपनीला ती कुलुपं काढावी लागली. बरं झालं!

सोनीचं मात्र मन मी जिंकलेलं मानते, म्हणजे सोनीने माझं जिंकलं, बघा आनंदात वाक्यं उलटी पडतायत! 2017 साली त्यांनी प्लेलिंक आणलं, प्लेस्टेशन 4 च्या पुढे बसून कंट्रोलरऐवजी फोन घेऊन खेळायचं. त्यात हिडन अजेंडा नावाचा खुनाच्या तपासाचा खेळ. गोष्ट टीव्हीवर चालते, पुढे काय करायचं त्यावर सगळ्यांनी फोनवरून मतं द्यायची, आणि मधेच एखाद्याच्याच फोनवर गुपचूप कामगिरी येते की अमुक गोष्ट घडवून आण! मग सोफ्यावर बसलेल्या माणसांत फितूर कोण? आमच्या जाऊबाई! खेळलो नाही अजून, पण आमच्या जाऊबाईच! आणि फ्रँटिक्स नावाच्या दुसऱ्या खेळात एक कोल्हा असतो, तो मधेच तुमच्या फोनवर फोन करतो! खरंच! फोन कानाला लावायचा आणि तो तुम्हाला एकट्यालाच गुप्त काम सांगतो आणि बाकीचे तुमच्या तोंडाकडे बघत बसतात! अहो फोनचा फोनसारखा वापर! हे कुणाला सुचलं असेल? मला त्या माणसाला पुरणपोळी खायला घालायची आहे.

फक्त प्लेलिंकच्या दर खेळाला फोनवर वेगळं अॅप लागतं. इथे आबा बाद. आबाच काय, अर्धी आळी बाद. म्हणून मी पुन्हा पुन्हा त्या चार अक्षरांवर येते! ती चार अक्षरं काढणारी जॅकबॉक्स कंपनी शिकागोची. मंडळी जुनी आहेत हो! 1995 साली त्यांनी यू डोन्ट नो जॅक नावाचा प्रश्नमंजुषेचा खेळ सीडीवर काढला होता, खवचट सूत्रसंचालक आणि वाकडे प्रश्न. तीन खेळाडू आणि कळफलक एकच! एकाने क्यू वर बोट ठेवायचं, एकाने बी वर, एकाने पी वर, आणि उत्तर आलं की दाबायचं! डोळ्यांसमोर आणा, तिघांचे खांदे एकमेकांत, मधल्याची कोपरं दोघांच्या बरगड्यांत! आणि मग जवळजवळ वीस वर्षांनी, 2014 च्या नोव्हेंबरात, त्यांनी पाच खेळ एकत्र बांधून पार्टी पॅक काढला आणि सांगितलं, कळफलक राहू द्या, आपापला फोन काढा. मग 2023 पर्यंत दर वर्षी एक पॅक, असे दहा! त्यात फिबेज आहे, थापांचाच खेळ, रिकाम्या जागेत खरी वाटेल अशी थाप भरायची. क्विपलॅश आहे, एकाच चावट प्रश्नाला दोघांनी उत्तरं द्यायची आणि बाकीच्यांनी कुणाचं भारी ते फोनवरून ठरवायचं. आणि आठ खेळाडूंच्या जागा भरल्या तर नववा काय करतो? तो प्रेक्षक होतो आणि त्यालाही फोनवरून मत देता येतं! म्हणजे आमच्या शेजारच्या काकू, ज्या "मी नुसती बसते" म्हणत आल्या होत्या, त्या नुसत्या बसल्या नाहीत. त्यांनी निकाल फिरवले!

आणि हे चालतं कसं, तेही विचारलं मी. भाच्याने सांगितलं ते मला समजलं तेवढं सांगते. खेळ लॅपटॉपवर चालतो. फोन लॅपटॉपशी बोलतच नाही! फोन बोलतो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी, लॅपटॉपही त्याच सर्व्हरशी बोलतो, आणि ती चार अक्षरं म्हणजे सर्व्हरला सांगायचं की ही सगळी मंडळी एकाच खोलीतली. म्हणजे खोली खरी असायलाच नको! मी किंचाळले. माझी बहीण असते न्यू जर्सीत! आणि मग भाच्याने व्हिडिओ कॉल लावला आणि टीव्हीवर जे दिसत होतं तेच तिला कॉलवर दाखवलं, आणि तिने आपल्या फोनवर ती अक्षरं टाकली, आणि टुण्ण! आमच्या टीव्हीवर तिचं नाव! तिकडे सकाळ, ती डबा भरता भरता खेळत होती. 2020 च्या टाळेबंदीत कितीतरी लोक असेच कॉलवरून खेळले म्हणे, आणि ड्रॉफुल 2 तर तेव्हा काही दिवस फुकट वाटला होता. आम्ही तेव्हा काय करत होतो? हळदीचं दूध पीत होतो! तिला आमचं चित्र जरा उशिरा दिसतं, म्हणून वेळ संपता संपता ती "थांबा, थांबा" करत राहते. राहू दे. लहानपणीही ती तेच करायची.

बरं, फोन इंटरनेटने खेळाशी जोडायलाच हवा असंही नाही! हे तर मला सगळ्यात जास्त चक्रावून गेलं. कॅनडातल्या ओटावाच्या स्टील क्रेट गेम्सचा एक खेळ आहे, कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स. 2014 च्या जानेवारीत खेळ बनवायच्या एका शिबिरात कल्पना निघाली, 2015 मध्ये खेळ आला. एकाच्या समोर पडद्यावर बॉम्ब. घड्याळ उलटं पळतंय. तारा, बटणं, चिन्हं, आणि निकामी कसा करायचा ते त्याला ठाऊक नाही. ते लिहिलंय 23 पानांच्या पुस्तिकेत, ती फुकट मिळते, आणि ती बाकीच्यांच्या फोनवर. बॉम्बवाल्याने पुस्तिका बघायची नाही, पुस्तिकावाल्यांनी बॉम्ब बघायचा नाही. मधे काय? तोंड! नुसतं तोंड! आमच्या घरात त्याची टंचाई कधीच नव्हती!

लॅपटॉप भिंतीकडे वळवला, नणंद त्याच्यापुढे, आम्ही सगळे पलीकडे पाठमोरे, हातात फोन. पाच मिनिटं.

"तारा आहेत! तीन! निळी, निळी, काळी!"

मी फोनवर बोट सरकवत वाचतेय, इंग्रजीत वाचायचं आणि मराठीत ओरडायचं. तीन तारा असतील आणि लाल एकही नसेल तर दुसरी कापा. "लाल आहे का?" "नाही म्हटलं ना!" "मग दुसरी काप!" "वरून दुसरी की खालून?" तिघांत मधली ती मधलीच की गं! पण घड्याळ पळत असलं ना, की तीन मोजतानाही घाम फुटतो! काप! कापली! हिरवा दिवा! आम्ही नाचलो! पाच मिनिटांतली किती गेली कुणी बघितलंच नाही!

आणि मग चिन्हं. चार बटणांवर चार चिन्हं, अशी की त्यांना नावच नाही. पुस्तिकेत सहा उभ्या रांगा, ज्या रांगेत चारही सापडतील त्या रांगेच्या क्रमाने वरून खाली बटणं दाबायची. नणंद सांगतेय, "एक रिकामी चांदणी! एक उलटं प्रश्नचिन्ह! एक सी, पण पाठ फिरवलेला, पोटात ठिपका!" "आणि चौथं?" "चौथं... अगं ते... शेपूटवाला एच!" आता शेपूटवाला एच शोधा! आबा फोन घेऊन पुस्तिका पहिल्या पानापासून शांतपणे वाचत होते, कारण त्यांच्या मते कुठलीही गोष्ट मधूनच वाचायची नसते. मला रांग सापडेना, जाऊबाईंना सापडली, अगदी सापडली, "मिळालं!" असं त्या ओरडल्या, आणि नेमका त्यांच्या फोनचा पडदा काळा झाला. लॉक! बोट लावलं तर बोटाला मसाला दूध. घेत नाही! पदराला बोट पुसतायत, पुन्हा लावतायत, घेत नाही, पिन आठवेना, तिकडे नणंद "अगं चाळीस, अगं तीस" करतेय, आणि मग...

धडाम!

आणि शांततेत आबांचा आवाज, "पण यात पान दोनवर स्पष्ट लिहिलंय की..." पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. शेजारच्या काकू हसता हसता जमिनीवर बसल्या होत्या आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी फोन करून विचारत होतं की सगळं ठीक आहे ना.

आता मी जिथे बघावं तिथे मला हेच दिसतं! नेटफ्लिक्सवर टीव्हीवरचे खेळ आलेत आणि कंट्रोलर म्हणून फोन चालतो! एअरकन्सोल नावाची स्विस मंडळी 2015 पासून हेच करतायत, आणि 2023 पासून त्यांचे खेळ बीएमडब्ल्यूच्या 5 सिरीज गाडीच्या पडद्यावर चालतात, गाडी उभी असताना, कंट्रोलर म्हणून फोन! बीएमडब्ल्यू! आमच्याकडे वॅगनार आहे, पण चौकशी करायला काय जातं?

तर आता तुम्ही. हो, तुम्हीच, इतकं वाचलंत म्हणजे सुटका नाही. येत्या शनिवारी रात्री साडेआठ, जेवून या. विषयांची नवी यादी मी आणि भाचा मिळून भरतोय, त्यात "लोकलमध्ये सापडलेली चौथी सीट" आहे आणि "आमरसात बुडालेले मुख्याध्यापक" आहेत, बाकीचे सांगणार नाही, विचारूही नका. आठ जागांपैकी सहा गेल्या. आबांची पक्की आहे, ते दोन दिवस वहीच्या मागच्या पानावर सूटकेस काढायचा सराव करतायत. उशिरा आलात तर काकूंच्या शेजारी प्रेक्षकांत बसावं लागेल. आणि फोन घरूनच चार्ज करून आणा, कारण इथे चार्जर तीनच आहेत आणि त्यातला लांब वायरीचा जाऊबाईंनी आत्ताच उशीखाली ठेवलाय!